भिंतीची उंची आणि ओट्याची उंची

पुण्यात माझ्या आतेभावाने दोन वर्षांपूर्वी टू बीएचके घेतला. पझेशन मिळाल्यावर आतलं सगळं काम त्याने 'स्कॅन्डिनेव्हियन' (म्हणजे डेन्मार्क-स्वीडन-नॉर्वेच्या धाटणीचं) नावाच्या एका पॅकेजमध्ये देऊन टाकलं. पांढऱ्या भिंती, प्लायवुडवर ओकच्या रेषा छापलेला फिकट सनमायका, करडा सोफा, छतातून लोंबणारा एक दिवा, खिडक्यांना विरविरीत पांढरे पडदे. मी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला राहते. सुट्टीत घरी गेले तेव्हा त्याने मोठ्या हौसेने सगळं फिरवून दाखवलं आणि विचारलं, "ताई, अगदी तुमच्याकडच्यासारखं झालंय ना?"

मी हो म्हटलं, कारण त्याची हौस खरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याजवळ स्वयंपाकघरात उभी राहिले. आत्याची उंची ४ फूट ९ इंच. ओटा जमिनीपासून ३५ इंचांवर. त्यावर परात ठेवली की भाकरीचं पीठ तिच्या पोटाच्याही वर येतं. भाकरी थापायची तर हात वरून पडावा लागतो, अंगाचा भार तळव्यात उतरावा लागतो. इथे तिचे खांदेच कानाकडे चढलेले. दोन भाकऱ्या झाल्या की ती थांबायची, डाव्या हाताने उजवा खांदा दाबायची, आणि पुन्हा पीठ मळायला घ्यायची. पायाखाली तिने पाट घेतला होता. परातीकडून शेगडीकडे जायचं म्हणजे पाटावरून उतरायचं, पाट पायाने सरकवायचा, परत चढायचं. सत्तरी ओलांडलेली बाई हे रोज करत होती आणि घरात कुणालाही ते वावगं वाटत नव्हतं. "नवीन घर आहे, होईल सवय," असं तीच म्हणाली.

३५ इंच म्हणजे जवळपास ९० सेंटिमीटर. स्वीडनमधल्या स्वयंपाकघरात आज साधारण याच उंचीचा ओटा असतो. म्हणजे त्या पॅकेजमध्ये खरोखर स्कॅन्डिनेव्हियन अशी एक गोष्ट आली होती, आणि नेमकी तीच आत्याच्या खांद्यावर आली. कारण ते माप मुळात कुणाच्या तरी अंगावरून घेतलेलं होतं, आणि ती कुणीतरी म्हणजे आत्या नव्हती.

ते माप कसं आलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९४४ साली स्वीडनमध्ये गृहिणींच्या संघटनांनी आणि गृहविज्ञानाच्या शिक्षिकांनी मिळून घरकामावर संशोधन करणारी एक संस्था उभी केली. ब्रिता ओकरमान ही तिच्यामागची एक प्रमुख व्यक्ती. या संस्थेत बायका खऱ्याखुऱ्या ओट्यापुढे उभ्या राहिल्या, त्यांनी भांडी घासली, कणीक मळली, भाज्या चिरल्या, आणि ते करताना त्यांना किती वाकावं लागतं, त्या किती पावलं चालतात, किती दमतात हे टिपून ठेवलं गेलं. मोरी किती खोल हवी, कपाटाचा वरचा खण हाताला कुठवर पोचतो, ओट्यावर भांडी ठेवायला किती जागा मोकळी सोडायची, यावर पाहण्या झाल्या. त्यातून १९५० साली स्वयंपाकघराची प्रमाण मापं निघाली. पुढे ती संस्था सरकारी झाली. सरकारी कर्ज घेऊन घरं बांधणाऱ्यांना ही मापं पाळावी लागू लागली, आणि गिरणी कामगाराच्या बायकोलाही तो ओटा मिळाला जो तिच्यासारख्या बाईच्या कोपराची उंची पाहून ठरला होता.

स्कॅन्डिनेव्हियन घर चांगलं झालं ते यामुळे. माणसाचं अंग, ऊन, वारा आणि खिसा आधी मोजायचा, मग घर आखायचं, आणि हे मोजण्याची जबाबदारी एकट्यादुकट्या गिऱ्हाइकावर न टाकता समाजाने उचलायची. ही परंपरा फिकट लाकडात नाही. ती दुकानात मिळत नाही, पॅकेजमध्ये येत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की खुद्द डेन्मार्क-स्वीडनमध्येही आज या परंपरेची चित्रं जपली जातायत आणि परंपरा हातातून निसटतेय.

आधी त्या पांढऱ्या रंगाबद्दल. जगभर जे घर 'नॉर्डिक' म्हणून विकलं जातं ते पांढरं असतं. पण स्वीडनच्या खेड्यांतून आगगाडीने गेलात तर डोळ्यांत भरतो तो लाल रंग. गडद, मातकट, गेरूच्या जवळचा. तो येतो फालून गावच्या तांब्याच्या खाणीतून. शेकडो वर्षं तांबं काढून झाल्यावर उरलेल्या मातीत लोह होतं. ती माती भाजून, दळून, त्यात पाणी, धान्याचं पीठ आणि जवसाचं तेल घालून शिजवायचं, आणि तो रंग लाकडी फळ्यांवर फासायचा. स्वस्त पडतो, लाकडाला श्वास घेऊ देतो, वर्षानुवर्षं टिकतो. सुरुवातीला सरदारांच्या वाड्यांना विटांचा आव आणायला हा रंग वापरत, पुढे तो शेतकऱ्यांच्या घरांवर उतरला. खाण १९९२ साली बंद झाली, रंग अजून विकला जातो. आपल्याकडे कोकणात जांभ्याचा चिरा जसा जमिनीतूनच घराला रंग देतो, तसंच हे. तिथल्या मातीने दिलेला रंग.

आतल्या भिंती पांढऱ्या का, यालाही कारण आहे. डिसेंबरात कोपनहेगनला दिवस जेमतेम सात तासांचा असतो. भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम अकरा अंशांवर येतो आणि तिथूनच मावळतीला लागतो. खिडकीतून आत आलेला ओंजळभर उजेड भिंतीवर आपटून खोलीभर पसरावा म्हणून भिंत पांढरी. पुण्यात त्याच दिवशी दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर डोक्यावरच. तिथे पांढऱ्या भिंतीचं आणि उघड्या मोठ्या काचेचं काय होतं हे आतेभावाच्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता बसलं की कळतं. पडदे लावून, दिवा लावून, एसी लावून बसावं लागतं. आणि गंमत म्हणजे स्वीडनमधलं सर्वांत गाजलेलं घर पांढरं नाहीच. सुंडबोर्न गावात चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांनी सजवलेलं ते घर लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांनी भरलेलं आहे, आणि कारिनने विणलेल्या कापडांनीही.

आता मला ज्या वस्तीबद्दल मनापासून लिहायचं आहे तिच्याकडे येते.

कोपनहेगनच्या उत्तरेला, सामुद्रधुनीच्या काठी हेल्सिंगोर नावाचं गाव आहे. तिथला किल्ला पाहायला जग येतं. किल्ल्याच्या शेजारी एकेकाळी मोठी जहाजगोदी होती. यॉर्न उट्झॉन या वास्तुकाराचे वडील जहाजांचे आराखडे करणारे अभियंते, आणि याच गोदीत ते अधिकारी होते. मुलाचं नाव पुढे सिडनीच्या ऑपेरा हाउसमुळे सगळीकडे झालं. ती स्पर्धा तो १९५७ साली जिंकला. पण त्याच सुमाराला त्याने हेल्सिंगोरच्या कडेला, उंचसखल गवताळ जमिनीवर, एका तळ्याभोवती साठेक घरांची वस्ती उभी केली. किंगो वसाहत. लोक तिला 'रोमन घरं' म्हणतात. ती उभी राहिली ती मुख्यतः गोदीतल्या कामगारांसाठी.

प्रत्येक घराला १५ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद चौकोन. चौकोनाच्या दोन बाजूंना काटकोनात घर, उरलेल्या दोन बाजूंना विटांची भिंत, मध्ये अंगण. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चौसोपी वाड्याचे दोन सोपे काढून घ्या आणि तिथे गडगा घाला, झालं. उट्झॉनच्या डोळ्यापुढे मात्र वाडा नव्हता. डेन्मार्कमध्ये आणि पलीकडे स्वीडनच्या स्कोने प्रांतात जुनी शेतघरं अशीच असतात. राहतं घर, गोठा, धान्याचं कोठार अशा चार लांबट इमारती चारी बाजूंनी आणि मध्ये चौक. शिवाय तो मोरोक्कोला जाऊन आला होता, चिनी घरांचा त्याला नाद होता. १९५३ साली स्कोनेतल्या एका स्पर्धेसाठी त्याने हा आराखडा केला आणि बक्षीस मिळवलं. कल्पना अशी की भिंत आधी घालायची आणि घर तिच्या आत, कुटुंबाला गरज पडेल तसं, हळूहळू वाढू द्यायचं.

आपल्या वाड्यात चौक होता तो ऊन अडवायला, गरम हवा वर काढून द्यायला, पागोळ्यांचं पाणी एका जागी घ्यायला. डेन्मार्कात ऊन अडवायचा प्रश्नच नाही. तिथे वैरी वारा. झाडं एका बाजूला वाकून वाढतात असा वारा. मार्च महिन्यात, हवा पाच-सहा अंशांची असताना, किंगोच्या एखाद्या अंगणात दक्षिणेकडे तोंड करून विटांच्या भिंतीला टेकून बसलं तर अंगावरचा कोट काढावासा वाटतो. भिंतीने वारा थोपवलेला असतो आणि सकाळपासून झेललेलं ऊन ती पाठीला परत देत असते. मी हे अनुभवलं आहे. एका ओळखीच्यांकडे गेले होते, त्यांनी कॉफी बाहेरच आणली आणि मला वाटलं यांना वेड लागलंय. दहा मिनिटांनी मी मफलर सोडला. रूप वाड्याचं, पण त्याचं काम वाड्याच्या अगदी उलट.

त्या अंगणात बसले असताना माझी नजर सारखी भिंतीच्या वरच्या कडेकडे जात होती. ती सरळ नव्हती. घराच्या बाजूला माणसाच्या डोक्याच्याही वर, मग एक पायरी खाली, मग आणखी एक, आणि कोपऱ्यात इतकी खाली की बसल्या बसल्या तळं दिसावं. प्रत्येक पायरीच्या माथ्यावर कौलं बसवलेली, पाणी विटेत मुरू नये म्हणून. पिवळसर विटा, सांध्यांत थोडंसं शेवाळ. शेजारच्या घराची भिंत मात्र वेगळ्याच ठिकाणी खाली उतरलेली. उट्झॉनच्या या वसाहतींत भिंतींची उंची कागदावर एकसारखी आखून टाकली गेली नाही. या घरातून काय दिसतं, त्या घरातून कोण दिसतं, वारा कुठून येतो, ऊन कुठे अडतं हे त्या त्या जागी पाहून ती ठरली. घरंही सरळ रांगेत नाहीत. उतारानुसार प्रत्येक घर मागच्याहून थोडं सरकलेलं, थोडं वळलेलं. फांदीवरची चेरीची फुलं जशी एकेक उन्हाकडे तोंड करतात तशी ही घरं, असं तो स्वतः म्हणायचा.

साठ घरं, एकच आराखडा, त्याच विटा, आणि तरी प्रत्येक भिंत आपापल्या जागेची. काटकसर आणि आस्था एकत्र नांदू शकतात हे मला इथे जसं दिसलं तसं कुठल्याही श्रीमंत बंगल्यात दिसलेलं नाही.

आता खिशाचा भाग, जो चकचकीत मासिकांत कधी येत नाही. ही जागा गावच्या महापौरांना पटवून मिळवलेली. घरं सरकारी कर्जावर बांधलेली, आणि त्या कर्जाला अटी होत्या: क्षेत्रफळ याहून मोठं नको, खर्च याहून वर नको. या अटींनी वास्तुकाराचे हात बांधले असं मला वाटत नाही. त्यांनी त्याला विचार करायला लावलं. घर लहान ठेवायचं आहे ना, मग अंगणाला खोलीसारखं वापरू. भारी सामान परवडत नाही ना, मग साधी वीट नीट लावू. यानंतर काही वर्षांतच उट्झॉनने फ्रेडन्सबोर्गला परदेशात नोकरी करून परतलेल्या डॅनिश लोकांसाठी ४७ अंगणाची घरं आणि ३० ओळीतली घरं बांधली, मध्ये सगळ्यांना मिळून एक जेवणघर आणि बैठकीच्या खोल्या. तिथेही घर विकून नफा कमावणारा कुणी मध्ये नव्हता.

पूर्ण प्रदेशाचंच हे तंत्र होतं. स्वीडनचा सोशल डेमोक्रॅट नेता पेर अल्बिन हान्सन याने १९२८ साली संसदेत देशाला 'लोकांचं घर' म्हटलं, ज्यात ना कुणी लाडका ना कुणी सावत्र. ती नुसती उपमा राहिली नाही, नगरपालिकांच्या घरबांधणी कंपन्या त्यातून निघाल्या. नॉर्वेने १९४६ साली घरांसाठी वेगळी सरकारी बँक काढली. डेन्मार्कात नफ्याविना चालणारी 'आल्मेन' घरं वाढली, आणि आज देशातलं दर पाचवं घर या प्रकारचं आहे. भाडं खर्चाएवढं, कारभार भाडेकरूंनी निवडलेल्या मंडळाकडे, रिकाम्या होणाऱ्या घरांपैकी एक चतुर्थांशपर्यंत घरं गरजूंना देण्याचा हक्क नगरपालिकेला. १९७८ साली कोपनहेगनच्या दक्षिणेला टिंगगोर्डन नावाची अशीच भाड्याची वस्ती झाली. लहान लहान घोळक्यांत बुटकी घरं, आणि प्रत्येक घराच्या वाट्याचा साधारण दहावा हिस्सा काढून घेऊन त्यातून सामायिक घरं बांधलेली, जिथे शेजारीपाजारी एकत्र जेवतात, कपडे धुतात, बारसं करतात. घर थोडं लहान करून शेजार मोठा करायचा, हा हिशोब लोकांनी मान्य केला.

यावर ठरलेला आक्षेप असतो: ते देश छोटे आणि श्रीमंत, त्यांना परवडतं. पण परवडतं म्हणून त्यांनी केलं असं झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत दहा लाखांहून जास्त स्वीडिश लोक पोटासाठी अमेरिकेला गेले. १९३०च्या दशकात स्टॉकहोमच्या कामगार वस्त्यांत एक खोली आणि एक चूल यात अख्खी कुटुंबं राहत होती. गिरणगावातल्या चाळीची आठवण असलेल्या मराठी माणसाला ते चित्र परकं वाटणार नाही. घरांचे नियम आले ते या दाटीतून. श्रीमंती नंतर आली, आणि निरोगी घरांत वाढलेल्या पिढ्यांचा तिला हातभार लागला असं मी मानते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत स्वीडनने दहा लाख घरं बांधली. एवढ्या छोट्या देशाने. त्यातली कित्येक काँक्रीटच्या लांबच लांब ठोकळ्यांत गेली. मालमोचं रोसेनगोर्ड, स्टॉकहोमजवळचं रिंकेबी ही नावं आता वृत्तपत्रांत गुन्ह्यांच्या बातम्यांसोबतच येतात. मग तुमचं ते मोजून बांधणं कुठे गेलं, असं कुणी विचारलं तर? मी त्या घरांत गेले आहे. आतला आराखडा आजही उत्तम आहे. स्वयंपाकघराला खिडकी, दोन बाजूंनी उजेड, सामान ठेवायला कोठी, टेबलाला जागा. चुकलं ते दाराबाहेर. क्रेनचा रूळ जिथवर जाईल तिथवर इमारत, असा विचार झाला. भिंतीची उंची जागेवर उभं राहून ठरवायला कुणाला वेळ नव्हता. मग नंतर देखभालीला हात आखडता घेतला गेला आणि ज्यांना दुसरीकडे कुणी घर देत नव्हतं ती माणसं तिथे साठत गेली. याचा दोष सरकारने घरं बांधली या गोष्टीला देणं मला पटत नाही. मोजणं अर्ध्यावर सोडलं, हा तो दोष.

आज चाललंय ते मला याहून जास्त सलतं. हेल्सिंगोरची गोदी १९८३ साली बंद पडली. तिच्या जागी आता सांस्कृतिक केंद्र आहे, सुंदर आहे, मुलांना घेऊन मी जाते. किंगोची घरं संरक्षित वारसा आहेत. खिडकीची चौकट बदलायची तरी परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. पण ती घरं खाजगी मालकीची आहेत. एखादं विकायला निघालं की वास्तुकलेचे चाहते पुढे येतात, आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या माणसाने तिथे घर घ्यावं ही कल्पनाच आता कुणी करत नाही. विटेला संरक्षण मिळालं, कर्जाच्या त्या अटींना मिळालं नाही. मला विचाराल तर त्या वस्तीत जपण्यासारखी जास्त मोलाची गोष्ट अटीच होत्या.

आणि त्याच वेळी २०१८ साली डेन्मार्कच्या संसदेने असा कायदा केला की 'समांतर समाज' ठरवलेल्या, सलग काही वर्षं सरकारच्या यादीत राहिलेल्या वस्त्यांतली आल्मेन कुटुंबघरं २०३०पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची. पाडून, विकून, किंवा दुसऱ्या वापराला देऊन. वस्ती यादीत घालताना बेकारी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे यांच्याबरोबर हेही पाहिलं जातं की अर्ध्याहून जास्त रहिवासी 'पाश्चात्त्येतर' मुळाचे आहेत का. माझा मूळ देश पाहून मला त्या रकान्यात टाकलं जातं, म्हणून यावर मी तटस्थपणे बोलू शकत नाही, आणि बोलायची इच्छाही नाही. कोपनहेगनच्या म्यॉलनरपार्कन या यादीत घातलेल्या वस्तीतले भाडेकरू याविरुद्ध कोर्टात गेले. ज्या देशाने कामगाराच्या अंगणाची भिंत त्याला तळं दिसावं म्हणून कोपऱ्यात खाली उतरवली, त्याच देशाने कुणाच्या घरात कुठल्या वंशाची माणसं किती, हे मोजायला घ्यावं याचं मला दुःख होतं. मोजण्याची सवय राहिली आणि कशासाठी मोजायचं ते विसरलं गेलं. आल्मेन घरांचा पाचवा हिस्सा घटू देता कामा नये, नव्या शहरभागांत तो वाढला पाहिजे, आणि यादीतून वंशाचा रकाना काढला पाहिजे. इथे कर भरणारी, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देणारी बाई म्हणून मी हे म्हणते.

आपल्याकडे यातलं काय न्यावं? अंगणाची घरं मुंबईत बांधता येणार नाहीत, सव्वादोनशे चौरस मीटरचा चौकोन एकेका कुटुंबाला द्यायला जमीन कुठे आहे? लाकडाच्या रेषा छापलेला मायका न्यायची तर मुळीच गरज नाही. पहिल्याच पावसाळ्यात आतेभावाच्या हॉलमधल्या कपाटाचा खालचा भाग फुगला, ठेकेदार फोन उचलेना. नवी मुंबईला २०२०च्या डिसेंबरात आयकियाचं मोठं दुकान उघडलं, तिथून लोक खुर्च्या-टेबलं आणतात, आवडीने वापरतात, त्यात वाईट काही नाही. खुर्ची नेता येते. नियम मात्र कुणी नेला नाही.

डेन्मार्कच्या बांधकाम नियमांत एक साधी अट आहे: राहत्या खोलीला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १० टक्के एवढी काच हवी, समोरची इमारत उजेड अडवत असेल तर जास्त, नाहीतर पुरेसा उजेड आत येतो हे मोजून दाखवायचं. मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून तीनेक मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि तिथल्या अंधाराचा, कोंडलेल्या हवेचा आणि क्षयरोगाचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. नियम आपल्याकडेही आहेत. पुनर्वसनाच्या इमारतींना मात्र त्यांतून सवलत दिली जाते, म्हणजे ज्यांना उजेडाची सगळ्यात जास्त गरज त्यांच्याच खिडकीतून तो काढून घेतला जातो. ती सवलत रद्द करा, ही मागणी मला कुठल्याही पांढऱ्या भिंतीपेक्षा जास्त स्कॅन्डिनेव्हियन वाटते. सहकाराचा रस्ता तर आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांपैकी एक १९१५ सालीच काढली होती.

परत निघायच्या आदल्या आठवड्यात मी आतेभावाशी बोलले. तो आधी म्हणाला, "ओटा तोडला तर ट्रॉल्यांचा सगळा सेट जाईल." मग एका सकाळी तो आईच्या मागे येऊन उभा राहिला आणि पाटावरून ती उतरते-चढते ते बघत राहिला. चार भाकऱ्या होईपर्यंत तो काही बोलला नाही. दुपारी कॉलनीतल्या सुताराला फोन केला.

सुतार म्हातारा होता. त्याने टेप काढायच्या आधी आत्याला ओट्याशेजारच्या मोकळ्या जागेत उभं केलं. चपला काढा म्हणाला, घरात तुम्ही अनवाणीच असता ना. मग हात कोपरात वाकवायला सांगितला. "परात केवढी असते तुमची?" आत्याने परात आणून दिली. त्याने परातीची कड टेपने मोजली, कोपरापासून तेवढं खाली उतरला, आणखी चार बोटं सोडली आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. जमिनीपासून २८ इंच. खिडकीखाली दोन फूट रुंदीचा तेवढाच एक तुकडा खाली घ्यायचा ठरला, बाकीचा ओटा आहे तसा राहील. आत्याने रिकामी परात त्या रेघेजवळ हवेत धरली आणि पीठ नसतानाच दोन थापा मारून पाहिल्या.